गाठीपर्यंत पोहोचलेली नस: मज्जातंतू आणि स्तनाचा कर्करोग

२०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून आणि २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यातून मज्जातंतू आणि कर्करोग यांच्यातील देवघेवीविषयी दोन शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांच्या बातम्या मोबाइलवर फिरत फिरत, वाटेत थोड्या आटत आणि बऱ्याच फुगत, आपल्यापर्यंत पोहोचल्या. त्या वाचून काहींनी ‘कर्करोग टेन्शनमुळेच होतो, हे आता सिद्ध झाले’ असा अर्थ काढला, तर काहींनी ‘नस कापली की गाठ वाळून जाते’ असा. मूळ निबंधांत यांपैकी काहीही म्हटलेले नाही. जे म्हटले आहे ते या दोन्हींपेक्षा अधिक गुंतागुंतीचे आहे आणि माझ्या मते अधिक रंजकही आहे. मात्र ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

‘नस’ म्हणजे नक्की कोणती?

आपल्या बोलण्यात एक घोटाळा आहे, तो आधी निस्तरायला हवा. ‘मानेची नस दबली’ असे आपण म्हणतो आणि ‘सलाइन लावायला नस सापडत नाही’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यातली नस मज्जातंतूची आहे, म्हणजे निरोप वाहून नेणाऱ्या पेशींच्या धाग्यांची. दुसऱ्या वाक्यातली नस रक्तवाहिनी आहे. या लेखात विषय पहिल्या नसेचा आहे आणि तिला पुढे मज्जातंतू असेच म्हटले आहे.

आपल्या कामापुरते मज्जातंतूंचे दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. संवेदी मज्जातंतू स्पर्श, वेदना, उष्णता यांची खबर मेंदूपर्यंत पोहोचवतात. अनुकंपी मज्जातंतू आपल्या इच्छेविना चालणारी कामे पाहतात: समोर साप दिसला की छाती धडधडते आणि तळहाताला घाम सुटतो, ते काम त्यांचे. त्यांचे जोडीदार परानुकंपी मज्जातंतू बहुतेक ठिकाणी उलट काम करतात, म्हणजे शरीराला निवांत करतात.

स्तनातील संवेदी मज्जातंतू बरगड्यांच्या मधून येणाऱ्या नसांच्या फांद्या असतात, तर अनुकंपी धागे मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या सोबतीने आत शिरतात. या जाळ्याची जाणीव बहुतेक बायकांना शस्त्रक्रियेनंतरच होते. काखेतील गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढून घरी आलेल्या बाईला विचारा. ब्लाउज घालताना दंडाच्या आतल्या बाजूचा हाताएवढा पट्टा बधिर लागतो, तिथे कापड लागले तरी कळत नाही, असे ती सांगेल. काखेतून दंडाकडे जाणारा एक बारीक मज्जातंतू अशा शस्त्रक्रियेत अनेकदा दुखावतो किंवा कापला जातो, त्याची ही खूण असते.

निरोप एकाच दिशेने जातो, हा समज

मज्जातंतू म्हणजे टेलिफोनची तार, ही शाळेपासून मनात बसलेली उपमा इथे अडचणीची ठरते, कारण संवेदी मज्जातंतू केवळ खबर घेऊन जात नाही, तर जिथून खबर घेतो त्याच जागी काही रसायने सोडतोही. याचा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. ठेच्यासाठी पाच-पंचवीस हिरव्या मिरच्या हाताने चुरडल्या, तर बोटांची आग होते, आणि थोड्या वेळाने कातडी लालबुंद होऊन किंचित सुजल्यासारखीही दिसते. आग ही मेंदूकडे गेलेली खबर झाली. पण ती लाली कुठून आली? मिरचीतील तिखट द्रव्याने मज्जातंतूचे टोक चेतवले आणि त्या टोकाने जागच्या जागी जी रसायने ओतली, त्यांनी आसपासच्या रक्तवाहिन्या फुलवल्या. त्या रसायनांपैकी एकाचे नाव ‘सबस्टन्स पी’. ते १९३१ मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम या दोघांनी शोधले. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढची अर्धी गोष्ट त्याचीच आहे.

तेव्हा तारेपेक्षा पोस्टमनची उपमा अधिक चपखल बसते. कोकणातल्या गावांत पोस्टमन मुंबईला जाणारी पत्रे घेऊन जायचा आणि येताना मनीऑर्डरी वाटायचा. मज्जातंतूही गावाचे सुखदुःख वर कळवतो आणि गावात काहीतरी देऊनही जातो. गावात प्रामाणिक माणसे राहत असतील तर त्या पैशातून घरे शाकारली जातात. जखम भरून येण्यात मज्जातंतूंचा जो हातभार असतो, तो या प्रकारचा आहे. प्रश्न असा की गावात एक गुंड येऊन बसला आणि मनीऑर्डरी त्याच्या नावावर यायला लागल्या, तर काय होईल?

गाठ मज्जातंतूंना बोलावून घेते

गाठीजवळ मज्जातंतू असतात, हे डॉक्टर फार पूर्वीपासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आले आहेत. काही कर्करोग मज्जातंतूंच्या कडेकडेने, रुळांवरून सरकावे तसे पसरतात, हेही ठाऊक होते. मात्र दीर्घकाळ समज असा होता की यात मज्जातंतू केवळ वाटेत सापडलेला, बिचारा, चिरडला गेलेला असतो.

खरे तर वेगळ्या निष्कर्षाची सामग्री विसाव्या शतकाच्या मध्यातच हाती आली होती. १९४८ मध्ये एल्मर ब्यूकर या संशोधकाने उंदराच्या एका कर्कगाठीचा तुकडा कोंबडीच्या वाढत्या गर्भात रुजवला आणि पाहिले, तर गर्भाचे मज्जातंतू त्या गाठीत शिरू लागले होते. हे वाचून रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांनी प्रयोग पुन्हा केला. ज्यू असल्यामुळे विद्यापीठाबाहेर काढल्या गेलेल्या या इटालियन बाईंनी दुसऱ्या महायुद्धात तुरिनमधील घराच्या झोपण्याच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग चालू ठेवले होते, त्यामुळे गर्भातील मज्जातंतू त्यांच्या चांगलेच नजरेखालचे होते. त्यांना दिसले की धागे गाठीत बेफाम वाढत आहेत आणि गाठीला न चिकटलेले मज्जातंतूही वाढत आहेत. म्हणजे गाठ काहीतरी स्रवत असली पाहिजे. १९५२ मध्ये रिओ दी जानेरोला जाऊन त्यांनी काचेच्या बशीत गाठीचा तुकडा आणि मज्जापेशींचा, म्हणजे ज्यांतून मज्जातंतूंचे धागे निघतात त्या पेशींचा, पुंजका शेजारी शेजारी ठेवला, तेव्हा पुंजक्यातून धाग्यांचे प्रभामंडळ बाहेर पडले. तो स्राव म्हणजे मज्जातंतू वाढवणारे प्रथिन. त्याबद्दल त्यांना आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मौज अशी की या शोधातून पुढे मज्जासंस्थेच्या वाढीचे एक अख्खे शास्त्र उभे राहिले, पण ‘मुळात कर्कगाठीला मज्जातंतू बोलावण्याची गरज का पडावी’ हा प्रश्न बराच काळ कुणी जोर लावून विचारला नाही. तो नीट विचारला गेला २०१३ मध्ये. क्लेअर मॅग्नॉन आणि पॉल फ्रेनेट यांनी पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगात उंदरांचे मज्जातंतू निकामी करून दाखवले की अनुकंपी धाग्यांविना गाठ धड रुजत नाही आणि परानुकंपी धाग्यांविना ती नीट पसरत नाही. त्यानंतर जठर, स्वादुपिंड, त्वचा आणि स्तन यांच्याकडेही संशोधकांचे लक्ष वळले.

स्तनाच्या गाठीत नक्की काय घडते

आता रॉकफेलर विद्यापीठाच्या कामाकडे येऊ. वीणा पद्मनाभन आणि सोहेल तवाझोई यांच्या गटाने उंदरांमधील दोन तऱ्हेच्या स्तनगाठींची तुलना केली: एक सहसा जागची न हलणारी, दुसरी फुप्फुसापर्यंत धाव घेणारी. पसरणाऱ्या गाठीत संवेदी मज्जातंतू अधिक सापडले. त्यांना बोलावत कोण होते? गाठीतील रक्तवाहिन्यांचे अस्तर. त्या अस्तराच्या पेशी ‘स्लिट-२’ नावाचे प्रथिन तयार करत होत्या आणि त्या वासावर मज्जातंतू आत येत होते. पोस्टमनला पत्ता गुंडाने स्वतः दिला नव्हता, त्याने हाताशी धरलेल्या रस्त्याकडेच्या दुकानदाराने दिला, असे म्हणता येईल.

आत आलेले मज्जातंतू सबस्टन्स पी सोडतात. काही कर्कपेशींच्या अंगावर त्या रसायनाची किल्ली बसेल असे कुलूप असते. इथे गोष्ट अनपेक्षित वळण घेते. ज्या पेशींवर अशी कुलपे फार असतात त्या सबस्टन्स पी मिळाल्यावर बळावत नाहीत, त्या मरतात. आपण म्हणू, बरेच झाले. पण फुटलेल्या पेशींच्या पोटातून आरएनएचे तुकडे बाहेर सांडतात. आरएनए म्हणजे पेशीच्या रोजच्या कामाच्या चिठ्ठ्या. पेशी धडधाकट असेपर्यंत त्या आतच राहतात. शेजारच्या कर्कपेशींमध्ये विषाणूचा आरएनए ओळखण्यासाठी ठेवलेला एक पहारेकरी असतो. सांडलेल्या चिठ्ठ्या पाहून तो पहारेकरी घंटा वाजवतो आणि त्या गलक्यात उरलेल्या कर्कपेशींमधली नेमकी ती यंत्रणा सुरू होते, जी त्यांना जागा सोडून पसरायला लावते. थोडक्यात, मूठभर पेशींचा बळी जातो आणि बाकीच्या वाटेला लागतात.

हे सारे मुख्यतः उंदरांत आणि काचेच्या बशीत दिसले आहे. मात्र संशोधकांनी स्त्रियांच्या गाठींचे नमुनेही तपासले आणि ज्या गाठींत सबस्टन्स पी अधिक होते त्यांत काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचण्याचे प्रमाण अधिक आढळले. हा पुरावा जोड देणारा आहे, निर्णायक नाही.

पसरण्यावर एवढा भर कशासाठी, असे वाटेल. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. स्तन हा काही जगण्याला अत्यावश्यक अवयव नाही. तिथली गाठ तिथेच राहिली तर ती काढून टाकता येते. जीव जातो तो हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू यांच्यापर्यंत पोहोचलेल्या पेशींमुळे. म्हणून गाठ केवढी आहे याइतकाच, किंवा त्याहून जास्त, महत्त्वाचा प्रश्न ती हलते कशी, हा असतो.

अलाबामातील सायमन ग्रेलेट यांच्या गटाने दाखवलेला प्रकार याहून थेट आहे. प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. पेशीला लागणारी ऊर्जा त्या तयार करतात. स्तनाच्या कर्कपेशी आणि मज्जापेशी एकत्र वाढवल्या तेव्हा मज्जापेशींतील तंतुकणिका बारीक नळ्यांसारख्या पुलांवरून कर्कपेशींत गेल्या. लोडशेडिंगच्या दिवसांत शेजाऱ्याचा इन्व्हर्टर उचलून आपल्या घरात बसवावा, तसे हे झाले. ज्या पेशींना असा इन्व्हर्टर मिळाला त्या रक्तप्रवाहातील धकाधकीत अधिक तग धरू शकल्या. उंदरांच्या मूळ गाठीत अशा पेशी थोड्याच होत्या. फुप्फुसात आणि मेंदूत जाऊन रुजलेल्या पेशींमध्ये मात्र त्यांचा वाटा बराच मोठा निघाला.

आणि मेंदूत पोहोचल्यावर? तिथे तर मज्जापेशींचेच राज्य. स्वित्झर्लंडमध्ये डग्लस हानाहान यांच्या प्रयोगशाळेतून २०१९ मध्ये आलेल्या कामानुसार, मेंदूत गेलेल्या स्तनाच्या कर्कपेशी दोन मज्जापेशींच्या जोडावर आपली टोके नेऊन टेकवतात आणि तिथे झिरपणारे ग्लुटामेट हे रसायन स्वतःच्या वाढीसाठी वापरतात. आपल्याकडे विजेच्या तारेवर आकडा टाकतात, त्यातलाच हा प्रकार: जोडणी दोन घरांमधली, वीज तिसऱ्याच्या झोपडीत.

मग कर्करोग टेन्शनमुळेच होतो ना?

हा प्रश्न येणारच, आणि त्याला थोडा वेळ द्यायला हवा, कारण त्याच्या आड अनेकदा दोषारोप दडलेला असतो.

ताणाच्या वेळी अनुकंपी मज्जातंतू नॉरॲड्रेनलीन हे रसायन सोडतात. २०१० मध्ये एरिका स्लोन आणि स्टीव्ह कोल यांनी कॅलिफोर्नियात स्तनाचा कर्करोग असलेल्या उंदरांना रोज काही काळ अरुंद जागेत कोंडून ठेवले. त्यांच्या स्तनातील गाठ इतर उंदरांपेक्षा विशेष वाढली नाही, पण दूरच्या अवयवांत पसरलेला रोग सुमारे ३० पट भरला. रक्तदाबासाठी आणि धडधडीसाठी जुन्या काळापासून वापरले जाणारे प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर हा परिणाम थांबला. जपानमधील ओकायामा विद्यापीठाच्या अत्सुनोरी कामिया यांनी २०१९ मध्ये आणखी नेमके काम केले: गाठीत शिरलेल्या मज्जातंतूंचे जनुक बदलून ते हवे तेव्हा चेतवले किंवा नष्ट केले. अनुकंपी धागे चेतवले तर रोग वाढला आणि पसरला. ते नष्ट केले तर तो मंदावला आणि गाठीतील रोगप्रतिकारक पेशींना लागलेला लगामही सैल झाला. परानुकंपी धागे चेतवल्यावरही रोग मंदावला. त्यांनी २९ रुग्ण स्त्रियांचे जुने नमुने पाहिले, तेव्हा रोग उलटलेल्या स्त्रियांच्या गाठींत अनुकंपी धागे दाट होते.

यातून ‘ताणाने कर्करोग होतो’ हे निघत नाही, आणि हा बारकावा महत्त्वाचा आहे. उंदरांमध्ये रोग आधीच होता. ताणाने त्याची चाल बदलली. ब्रिटनमध्ये सुमारे १ लाख ६ हजार स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात आयुष्यातील ताण, शोक, घटस्फोट यांसारख्या गोष्टी आणि पुढे स्तनाचा कर्करोग होणे यांच्यात सरसकट संबंध आढळला नाही. शिवाय नळीत कोंडलेल्या उंदराचा ताण आणि सून-सासू, कर्ज, लोकलची गर्दी यांचा ताण यांना एकाच मापाने मोजणे अवघड आहे.

तेव्हा केमोथेरपीने गळून गेलेल्या बाईच्या उशाशी बसून ‘तू फार मनाला लावून घेतेस ना, म्हणून झालं’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना विज्ञानाचा आधार नाही. हे वाक्य आपल्याकडे सहानुभूती म्हणून उच्चारले जाते आणि ऐकणारीला ते आरोपासारखे लागते.

मज्जातंतू आहेत, तर गाठ दुखत का नाही?

शंका रास्त आहे. स्तनाच्या कर्करोगाची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि मज्जातंतू तर वेदनेची खबर देण्यासाठीच असतात. पण गाठीत शिरलेले धागे अत्यंत बारीक असतात आणि धागा असणे म्हणजे वेदना होणे नव्हे. आत्ता आपल्या कोपराच्या कातडीत असंख्य धागे आहेत आणि कोपर दुखत नाही. वेदनेची खबर वर जाण्यासाठी धाग्याला तशी पुरेशी चेतना मिळावी लागते, ती वाढीच्या सुरुवातीला सहसा मिळत नाही. दरम्यान तोच धागा आपल्या टोकाकडून रसायने देत राहू शकतो. पत्र एकही नाही, पण मनीऑर्डर चालू.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. ‘दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या डॉक्टरांना नित्याचे आहे. न दुखणारी, नव्याने जाणवलेली गाठ दाखवायलाच हवी. उलट, पाळीच्या आसपास दोन्ही स्तनांत होणारा ठणका बहुधा कर्करोगाचा नसतो.

नसच कापून टाकली तर?

जठराच्या कर्करोगात उंदरांवर हे करून पाहिले गेले. २०१४ मध्ये जठराला जाणारी व्हेगस ही परानुकंपी नस कापल्यावर, किंवा बोटॉक्सने गप्प केल्यावर, गाठी मंदावल्या. पण स्वादुपिंडाच्या कर्करोगात त्याच व्हेगसचे निरोप रोगाला आवर घालणारे आढळले. म्हणजे एका अवयवात जी नस गुंडाची साथीदार, तीच दुसऱ्या अवयवात गावची पोलीसपाटील.

स्तनाच्या बाबतीत तर एकाच प्रकारच्या धाग्यांविषयी परस्परविरोधी पुरावा आहे. नुराय एरिन यांनी २००४ मध्ये मिरचीतील तेच तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, मोठ्या मात्रेत देऊन उंदरांचे संवेदी मज्जातंतू निकामी केले. अपेक्षा काय असेल? रोग कमी पसरेल. प्रत्यक्षात तो फुप्फुसात आणि हृदयातही अधिक पसरला. हे निष्कर्ष आणि रॉकफेलरचे निष्कर्ष यांचा पूर्ण मेळ अजून बसलेला नाही. प्राणी, गाठीचा प्रकार, मज्जातंतू कोणत्या टप्प्यावर आणि किती प्रमाणात निकामी केले, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलते. शिवाय मज्जातंतू रोगप्रतिकारक पेशींशीही बोलतात, आणि ते संभाषण तोडले तर पहारेकऱ्यांचाच गोंधळ उडू शकतो. म्हणून ‘मज्जातंतू कर्करोगाचे शत्रू की मित्र’ असा प्रश्न विचारला, की तो विचारण्यातच चूक होते असे मला वाटते. कोणता धागा, कोणत्या गाठीत, कोणत्या वेळी, एवढे तीन तपशील जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

औषधे तर आधीपासूनच बाजारात आहेत

या क्षेत्राविषयीच्या उत्साहाचे एक व्यावहारिक कारण हे आहे की मज्जातंतूंचे निरोप अडवणारी औषधे नव्याने शोधावी लागणार नाहीत. सबस्टन्स पी चे कुलूप बंद करणारे ॲप्रेपिटंट २००३ पासून वापरात आहे, तेही केमोथेरपीने होणारी उलटी थांबवण्यासाठी. म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्ण ते आजही, वेगळ्या कारणासाठी, घेतात. उंदरांमध्ये त्याने गाठीची वाढ आणि प्रसार दोन्ही कमी झाले. नॉर्वेतील हजारो स्त्रियांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या असता, उलटीसाठी हे औषध मिळालेल्या स्त्रियांची स्थिती पुढे थोडी बरी आढळली. पण उलटीसाठी दोन-तीन दिवस घेतलेली गोळी आणि कर्करोगासाठी दीर्घकाळ घेतलेली गोळी यांत फरक आहे, आणि जुन्या नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षांत इतर कारणे मिसळलेली असू शकतात.

प्रोप्रॅनोलॉलची कथा अशीच आहे. ते आधीपासून घेणाऱ्या स्त्रियांच्या नोंदींवरून काही अभ्यासांना फायदा दिसला, काहींना दिसला नाही. ऑस्ट्रेलियात ६० स्त्रियांना शस्त्रक्रियेआधी ७ दिवस प्रोप्रॅनोलॉल किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन पाहिले, तेव्हा औषध घेतलेल्यांच्या गाठींत पसरण्याच्या तयारीच्या खुणा कमी झाल्या. खुणा कमी होणे आणि आयुष्य वाढणे यांत मात्र मोठे अंतर असते, आणि ६० ही संख्या ते अंतर ओलांडायला पुरत नाही.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. यांपैकी कोणतेही औषध वाचून, ऐकून किंवा केमिस्टला विचारून सुरू करू नये. प्रोप्रॅनोलॉलने दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकतो. ॲप्रेपिटंटमुळे केमोसोबतच्या स्टेरॉइडचे प्रमाण रक्तात वाढते, म्हणून डॉक्टर त्याची मात्रा कमी करतात.

परळची सुई

हजारावर स्त्रियांवर, चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यासारख्या पद्धतीने झालेली आणि या विषयाच्या जवळ जाणारी एक चाचणी आपल्याकडचीच आहे. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांवर ती २०११ ते २०२२ या काळात चालली. त्यांची कल्पना साधी होती. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते, दाबली जाते, कापली जाते, आणि त्या काही मिनिटांत पेशींना पसरण्याची चेतना मिळत असेल तर ती त्याच मिनिटांत अडवावी. त्यासाठी निवडले लिडोकेन, म्हणजे दात काढताना हिरडीत टोचतात ते बधिर करण्याचे औषध.

बाई भूल दिलेली, टेबलावर निजलेली. सर्जन ०.५ टक्के लिडोकेन गाठीच्या आत न टोचता तिच्या भोवती, वर, खाली आणि चारही बाजूंनी, अशा सहा अंगांनी टोचतो. मग सुरी खाली ठेवून सात ते दहा मिनिटे थांबतो. त्यानंतर शस्त्रक्रिया नेहमीसारखी. दुसऱ्या गटात ही सुई नाही, बाकी सारे उपचार तेच. १,५८३ स्त्रियांच्या हिशोबात, ५ वर्षांनंतर रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण सुई मिळालेल्या गटात ८६.६ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ८२.६ टक्के. जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के. दर शंभरांत साधारण चार स्त्रियांचा हा फरक, इतक्या स्वस्त औषधासाठी, थोडा नाही.

हे मज्जातंतू बधिर झाल्यामुळे घडले का? इथे सावध राहावे लागते. लिडोकेन सोडियमच्या आयनांना पेशीत येऊ देणारी दारे बंद करते. मज्जातंतूला निरोप पुढे ढकलण्यासाठी ती दारे लागतात, म्हणून हिरडी बधिर होते. पण पसरण्याची ताकद असलेल्या स्तनाच्या कर्कपेशींवरही त्याच जातीची दारे सापडतात. जणू मज्जातंतूच्या घराचेच दार कर्कपेशीने आपल्या घराला बसवून घेतले आहे. चाचणी करणाऱ्यांचा मुख्य रोख या दुसऱ्या शक्यतेवर होता. सुईने नक्की कोणत्या घराचे दार लागले, मज्जातंतूच्या, कर्कपेशीच्या की दोन्हींच्या, हे या चाचणीतून वेगळे काढता येत नाही. दुसऱ्या गटाला निव्वळ मिठाच्या पाण्याचीही सुई दिलेली नव्हती, असा आक्षेपही काही तज्ज्ञांनी घेतला आहे. आणि शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी घेतलेल्या स्त्रियांना हे लागू पडते का, याचे उत्तर या आकड्यांत नाही.

ज्या बाईची शस्त्रक्रिया पहिलाच उपचार म्हणून ठरली आहे, तिने किंवा तिच्या घरच्यांनी सर्जनला या सुईविषयी विचारायला हरकत नाही. वेळ लागतो तो दहा मिनिटांचा, आणि ती मिनिटे भूल दिलेल्या बाईला कळतही नाहीत.